फुगू, नात्तो आणि सशांचे बेट : जपानच्या आडवाटा

जपान म्हटले, की फुजी पर्वत, चेरीचा बहर, बुलेट ट्रेन आणि सुशी एवढीच चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. आपल्याकडून जाणाऱ्या सहलीही बहुधा टोकियो, हाकोने, क्योटो आणि ओसाका या ठरलेल्या मार्गावरून धावतात. त्या मार्गापासून थोडे बाजूला झाले, की वेगळाच जपान भेटतो. विषारी मासा आवडीने खाणारा, नाकतोडे साखरेत आटवणारा, वाळवीसाठी स्मारक उभारणारा आणि गणपतीला मुळा वाहणारा हा देश प्रथमदर्शनी चक्रावून टाकतो. मात्र यातील बहुतेक गोष्टी गंमत म्हणून जन्मलेल्या नाहीत. त्यांच्यामागे कुठे टंचाई आहे, कुठे भीती आहे, कुठे कडक नियम आहेत, तर कुठे विसरू न दिलेली आठवण. ती समजून घेतली, तरच या प्रवासाचे सार्थक होते.

विषाशी केलेला करार

होन्शू बेटाच्या पश्चिम टोकावरील शिमोनोसेकी हे बंदर फुगू माशाची राजधानी मानले जाते. संकट दिसताच अंग फुगवणाऱ्या या माशाच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. शिजवल्याने ते नाहीसे होत नाही आणि त्याच्यावर उताराही नाही. विषबाधा झालेल्या माणसाचे स्नायू हळूहळू लुळे पडतात, श्वास थांबतो आणि शुद्ध मात्र बराच काळ टिकून राहते. विष शरीरातून निघून जाईपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवणे, एवढाच उपाय वैद्यांच्या हाती असतो.

तरीही जपानी माणसाने हा मासा सोडला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने कोरियावरील स्वारीसाठी जमवलेले सैनिक फुगू खाऊन दगावू लागले, म्हणून त्याने बंदी घातली, असे सांगतात. ही बंदी पुढे वेगवेगळ्या रूपांत चालू राहिली. १८८७ साली जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी शिमोनोसेकीच्या एका खानावळीत उतरले होते. समुद्र खवळलेला असल्याने दुसरा मासा मिळाला नाही आणि मालकिणीने शिक्षेची तयारी ठेवून फुगूच त्यांच्यापुढे ठेवला. इतोंना तो इतका आवडला, की यामागुची प्रांतापुरती बंदी उठली.

आज फुगू साफ करण्यासाठी परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि काढून टाकलेले विषारी अवयव कुलूपबंद डब्यात ठेवून त्यांची विल्हेवाट लावावी लागते. १९७५ साली प्रख्यात काबुकी नट बांदो मित्सुगोरो आठवे यांनी क्योटोत हट्टाने फुगूचे यकृत मागवून खाल्ले आणि त्यांचा मृत्यू झाला. १९८३ पासून यकृत वाढण्यास देशभर मनाई आहे. परवानाधारक उपाहारगृहात मिळणारा फुगू त्यामुळे सुरक्षित मानला जातो. अपघात होतात ते मुख्यतः स्वतः मासा पकडून घरी कापणाऱ्यांच्या बाबतीत.

ताटात येणारा फुगू दिसायला अतिशय देखणा असतो. त्याचे काप इतके पातळ असतात, की खालच्या थाळीवरचे नक्षीकाम त्यातून दिसते. ते शेवंतीच्या पाकळ्यांसारखे मांडण्याची पद्धत आहे. चव सौम्य, जवळजवळ नाहीच म्हणावी अशी. पण तो चावताना लागणारी लवचीकता खवय्यांना प्रिय आहे. भाजलेला पर गरम साकेत टाकून केलेले पेयही थंडीच्या दिवसांत मागितले जाते. शिमोनोसेकीत या माशाला 'फुकु' म्हणतात, कारण त्या उच्चाराचा अर्थ 'सौभाग्य' असा होतो. तेथील हाएदोमारी बाजारात लिलावाची जुनी रीत अशी, की अडत्या आणि खरेदीदार कापडी बाहीच्या आत एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात. आपल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली होणारे सौदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही.

इशिकावा प्रांतातील हाकुसानच्या परिसरात तर माणसाने याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे. तेथे फुगूचे अत्यंत विषारी अंडाशय आधी मिठात आणि मग तांदळाच्या कोंड्यात मुरवले जातात. दोन-तीन वर्षांनी त्यातील विष खाण्यायोग्य पातळीखाली उतरते. ते नेमके कसे उतरते, याचा पूर्ण उलगडा शास्त्रज्ञांनाही झालेला नाही. म्हणूनच पारंपरिक कृतीत बदल केला जात नाही आणि तपासणी झाल्याशिवाय हा माल विक्रीला येत नाही.

गमतीचा भाग असा, की जपानमध्ये दर नववर्षाला अग्निशमन दलाकडून इशारा दिला जातो तो फुगूविषयी नव्हे, तर 'मोची'विषयी. चिकट तांदूळ कुटून केलेला हा निरुपद्रवी दिसणारा गोळा घशात अडकून वृद्धांचे जीव जातात. भीतीमुळे फुगूभोवती नियमांचे कुंपण उभे राहिले. मोची मात्र घरातलीच, म्हणून तिच्याविषयी कोणी सावध राहत नाही.

आंबवण्याची विद्या

जपानी न्याहरीत परदेशी पाहुण्याची खरी परीक्षा पाहणारा पदार्थ म्हणजे नात्तो. उकडलेल्या सोयाबीनवर एका विशिष्ट जिवाणूची प्रक्रिया होऊन तो तयार होतो. काड्यांनी घोटल्यावर त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात आणि वास उग्र असतो. मोहरी, सोया सॉस आणि चिरलेली पात घालून तो गरम भातावर घेतात. टोकियोच्या ईशान्येकडील मितो शहर नात्तोसाठी प्रसिद्ध आहे, तर ओसाकाकडील जुनी मंडळी त्याच्याकडे पाहून नाक मुरडतात. नागालँडमधील अखुनी किंवा सिक्कीममधील किनेमा चाखलेल्या भारतीयाला मात्र तो लगेच ओळखीचा वाटतो, कारण हे सारे आंबवलेल्या सोयाबीनचेच प्रकार. २००७ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने नात्तोमुळे वजन घटते असे सांगताच देशभरातील दुकानांतून तो नाहीसा झाला. त्या कार्यक्रमातील माहिती बनावट होती, हे लवकरच उघडकीस आले आणि कार्यक्रम बंद पडला. नात्तो मात्र पूर्वीसारखाच न्याहरीला राहिला.

आज जगभर पोहोचलेल्या सुशीची पणजी पाहायची असेल, तर शिगा प्रांतातील बिवा सरोवराकाठी जावे लागते. तेथील 'फुनाझुशी' ही गोड्या पाण्यातील माशापासून करतात. मासा प्रथम मिठात, नंतर शिजवलेल्या भातात दाबून महिनोन् महिने, कधी वर्षाहून अधिक काळ ठेवला जातो. भात आंबतो आणि त्या आंबटपणाने मासा टिकतो. मूळ सुशी म्हणजे मासा टिकवण्याची अशी युक्ती होती. ताज्या माशाचा तुकडा व्हिनेगर लावलेल्या भातावर ठेवणे ही फार नंतरची गोष्ट. फुनाझुशीचा वास जुन्या चीजच्या जवळ जाणारा असतो आणि किंमतही भक्कम असते, कारण तिच्यासाठी लागणारा मासा सरोवरात पूर्वीसारखा मिळत नाही.

टोकियोच्या दक्षिणेला समुद्रात पसरलेल्या इझू बेटांवरील 'कुसाया' याहून दरवळणारा. मासे खारवून वाळवण्यासाठी बेटवासीयांना मीठ हवे होते. पण तेच मीठ कर म्हणून भरावे लागे. म्हणून त्यांनी एकदा केलेले खारे पाणी फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरले. ते पाणी आंबत गेले आणि त्यातून निघणाऱ्या सुक्या माशाला अशी चव आली, की बेटांवरील कुटुंबांनी ते पाणी पिढ्यान् पिढ्या जपले. बोंबील वाळत घातलेल्या कोळीवाड्याची सवय असलेल्या नाकालाही कुसाया भाजला जात असताना दोन पावले मागे सरावे लागते.

डोंगरातील कालवण

समुद्रापासून दूर असलेल्या नागानो आणि गिफूच्या डोंगराळ भागांत मासे सहज मिळत नसत. तेथील शेतकऱ्यांनी प्रथिने शोधली ती भातखाचरांत आणि रानात. भाताच्या कापणीनंतर पकडलेले नाकतोडे सोया सॉस आणि साखरेत आटवून काळपट, चकचकीत आणि कुरकुरीत केले जातात. तेन्र्यू नदीच्या दगडांखाली सापडणाऱ्या पाणकिड्यांच्या अळ्याही अशाच शिजवतात. त्या हिवाळ्यात आणि परवाना घेऊनच गोळा करता येतात.

गांधीलमाशीच्या अळ्या मिळवणे हा तर एक खेळच आहे. मांसाच्या अगदी लहान तुकड्याला पांढरा बारीक धागा किंवा पट्टी बांधून ती माशीपुढे धरतात. माशी तुकडा घेऊन पोळ्याकडे निघते आणि माणसे त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून झाडाझुडपांतून तिच्यामागे धावतात. सापडलेले पोळे घरी आणून वाढवणारेही आहेत. या अळ्या भातात घालून शिजवतात. एके काळी हे गरिबाघरचे कालवण होते. आता पकडणारी माणसे वयस्कर झाली असून हा पदार्थ चांगलाच महाग झाला आहे. नागानोतील दुकानांत नाकतोड्यांची बरणी मात्र अजूनही सहज दिसते.

क्यूशू बेटावरील कुमामोतोमध्ये घोड्याचे कच्चे मांस आले, लसूण आणि गोडसर सोया सॉसबरोबर वाढले जाते. कच्चे खाण्याची ही हौस सरसकट निर्धास्त आहे, असे मात्र समजू नये. २०११ साली कच्च्या गोमांसाच्या एका पदार्थातून झालेल्या विषबाधेत पाच जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने निकष कडक केले. २०१२ पासून गायीचे कच्चे यकृत आणि २०१५ पासून कच्चे डुकराचे मांस वाढण्यास बंदी आली. घोड्याच्या मांसातील परोपजीवी नष्ट व्हावेत म्हणून ते आधी गोठवले जाते.

शाकाहारी प्रवाशाचा आसरा

हे सारे वाचून शाकाहारी वाचकाचा जीव घाबरा होणे स्वाभाविक आहे. त्याची खरी अडचण मात्र ताटातील माशापेक्षा न दिसणाऱ्या माशाची असते. 'दाशी' हे जपानी स्वयंपाकाचे मूळ पाणी. मिसो सूप, नूडल्स, उकडलेल्या भाज्या, अगदी सॅलडवरचा रस यांतही ते असते आणि बहुधा वाळवून किसलेल्या बोनितो माशापासून केलेले असते. 'यात मांस आहे का,' या प्रश्नाला 'नाही' असे प्रामाणिक उत्तर मिळाले, तरी दाशी त्यात असू शकते. म्हणून मांस, मासे आणि माशाचा अर्क चालत नाही, असे जपानी भाषेत लिहिलेले कार्ड जवळ ठेवणे शहाणपणाचे.

यावरचा उत्तम तोडगा जपानच्याच परंपरेत आहे. ओसाकाच्या दक्षिणेस डोंगरमाथ्यावर वसलेल्या कोयासान येथे कुकाई या भिक्षूने ८१६ साली मठांची वसाहत स्थापन केली. तेथील पन्नासएक मंदिरांत यात्रेकरूंना मुक्काम करता येतो. तेथील 'शोजिन र्योरी' या भोजनात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. दाशी समुद्रशेवाळ आणि अळंब्यांपासून केलेली असते. तिळाचे टोफू, गोठवून वाळवलेले कोया-टोफू, भाज्यांचे तेंपुरा, लोणची आणि भात अशा लहान लहान वाट्यांनी सजलेले ताट चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घरातील माणसालाही निःशंकपणे स्वीकारता येईल.

पहाटे मंदिरात 'गोमा' नावाचा विधी होतो. अग्नीत समिधा अर्पण करत मंत्र म्हटले जातात. गोमा म्हणजे आपला होम. शब्द आणि विधी दोन्ही भारतातून चीनमार्गे तेथे पोहोचले. कबरींपाशी उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर संस्कृत बीजाक्षरेही दिसतात, ती सिद्धम् या प्राचीन भारतीय लिपीत.

याच डोंगरावर ओकुनोइन हे दोन लाखांहून अधिक स्मारकांचे विस्तीर्ण स्मशान आहे. उंच सूचिपर्णी वृक्षांखालून जाणाऱ्या वाटेवर सामंतांच्या शेवाळलेल्या समाध्यांशेजारी आधुनिक कंपन्यांची स्मारकेही आहेत. त्यातील एक अग्निबाणाच्या आकाराचे आहे. वाळवी निर्मूलन करणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने मारल्या गेलेल्या वाळवीसाठी उभारलेला दगड पाहून प्रवासी प्रथम हसतो. पण ज्याच्यावर पोट भरले त्या जिवाची क्षमा मागणे ही कल्पना फार वेळ हसू देत नाही. वाटेच्या अखेरीस कुकाईंची समाधी आहे. ते मृत नसून ध्यानस्थ आहेत, अशी श्रद्धा असल्याने भिक्षू त्यांच्यासाठी रोज दोन वेळा जेवण घेऊन जातात.

मुळा वाहिला जाणारा गणपती

टोकियोतील असाकुसा भागात सेन्सोजी मंदिराला पर्यटकांची अखंड रीघ असते. तेथून थोड्याच अंतरावर, सुमिदा नदीजवळच्या एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे मंदिर आहे. तेथील देवता कांगितेन, म्हणजेच जपानी बौद्ध परंपरेत सामावला गेलेला गणेश. मूर्ती दर्शनासाठी खुली नसते. भाविकांना ती कधीच दिसत नाही. मंदिरात जागोजागी कोरलेली दिसतात ती दोन चिन्हे. एक जोडमुळा आणि दुसरी पैशांची थैली. मुळा आरोग्याचे आणि कौटुंबिक सौख्याचे, तर थैली व्यापारातील भरभराटीचे प्रतीक. भाविक पांढराशुभ्र मुळा विकत घेऊन देवापुढे ठेवतात आणि ७ जानेवारीला येथे मुळ्यांचा उत्सव होतो.

मग मोदकाचे काय झाले? तो क्योटोत आहे. गिओन भागात १६१७ साली स्थापन झालेल्या कामेया कियोनागा या मिठाईच्या दुकानात 'कांकिदान' नावाचा पदार्थ मिळतो. प्राचीन काळी चीनला गेलेल्या जपानी दूतांबरोबर आलेल्या मिठायांच्या कुळातील हा प्रकार. पिठाच्या पारीत लाल चवळीसारख्या अझुकी डाळीचे गोड पुरण आणि सात सुगंधी द्रव्ये भरतात, वरच्या बाजूस आठ पाकळ्यांची मुरड घालतात आणि तिळाच्या तेलात तळतात. आकार थैलीचा म्हणतात. मराठी डोळ्याला तो तळणीचा मोदकच दिसतो. चंदन आणि दालचिनीचा वास मात्र एखाद्या देवघरात शिरल्यासारखा.

पाणी, वाळू आणि खोकीवजा खोल्या

ज्वालामुखींनी व्यापलेल्या जपानमध्ये उष्ण पाण्याचे झरे विपुल आहेत. या कुंडांना 'ओनसेन' म्हणतात. क्यूशूवरील बेप्पू शहरात रस्त्यांच्या कडेने वाफा उसळताना दिसतात. तांबड्या आणि निळ्या रंगाचे उकळते तलाव 'नरक' म्हणून दाखवले जातात आणि त्याच वाफेवर भाज्या व अंडी शिजवून मिळतात. इबुसुकी येथे किनाऱ्यावरील तापलेल्या वाळूत माणसाला मानेपर्यंत पुरतात. दहा-पंधरा मिनिटांत अंगातून घामाच्या धारा लागतात. हाकोनेजवळ ओवाकुदानीच्या गंधकयुक्त पाण्यात उकडलेल्या अंड्यांचे कवच काळे होते आणि एक अंडे खाल्ल्यास आयुष्य सात वर्षांनी वाढते, अशी समजूत आहे.

ओनसेनमध्ये उतरण्याचे नियम मात्र कडक आहेत. स्त्री-पुरुषांची कुंडे बहुधा वेगळी असतात आणि पूर्ण विवस्त्र होऊनच आत जावे लागते. पाण्यात शिरण्यापूर्वी बाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचे, हातातला छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. कुंड आहे ते अंग शेकण्यासाठी. मळ धुण्यासाठी नव्हे. गोंदण असलेल्यांना अनेक ठिकाणी प्रवेश नाकारला जातो, कारण तेथे गोंदणाचा संबंध संघटित गुन्हेगारांशी जोडला गेला आहे. २०१३ साली होक्काइडोत भाषाविषयक परिषदेसाठी आलेल्या एका माओरी महिलेला तिच्या चेहऱ्यावरील पारंपरिक गोंदणामुळे परत पाठवण्यात आले. आदिवासी भाषा जपण्यासाठी बोलावलेल्या पाहुणीवर ही वेळ आल्याने मोठी चर्चा झाली. आता काही ठिकाणी गोंदण झाकण्यासाठी चिकटपट्टी देतात; तरी आधी चौकशी केलेली बरी.

मुक्कामाच्या जागांचेही असेच. १९७९ साली ओसाकात पहिले कॅप्सूल हॉटेल सुरू झाले, ते शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदारांसाठी. एका माणसाला आडवे होता येईल एवढे खोके, आत दिवा, घड्याळ आणि पडदा. आराखडा होता वास्तुशिल्पी किशो कुरोकावा यांचा. त्यांचाच टोकियोतील १९७२ चा नाकागिन कॅप्सूल टॉवर २०२२ साली पाडण्यात आला. २०१५ साली नागासाकीजवळ यंत्रमानवांनी चालवलेले हॉटेल उघडले, तेव्हा डायनासोरच्या रूपातील स्वागतिका जगभर गाजली. पण खोलीतील बाहुली पाहुण्यांच्या घोरण्यालाच प्रश्न समजून त्यांना मध्यरात्री उठवू लागली, तक्रारी वाढल्या आणि २०१९ पर्यंत निम्म्याहून अधिक यंत्रांना निवृत्ती देऊन माणसे परत आणावी लागली.

सशांचे बेट, विषाचे कोठार

हिरोशिमा प्रांतातील तादानोउमी बंदरातून छोट्या बोटीने पंधरा मिनिटांत ओकुनोशिमा येथे पोहोचता येते. उतरताक्षणी शेकडो ससे पायांशी धावत येतात. मुले हरखून जातात. मात्र झाडीत काळवंडलेल्या, खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. १९२९ ते १९४५ या काळात जपानी लष्कराचा विषारी वायूंचा कारखाना येथे होता. बेटाचे नाव नकाशावरून पुसले गेले होते. सहा हजार टनांहून अधिक वायू येथे तयार झाला आणि तो चीनमधील युद्धात वापरला गेला. काम करणाऱ्यांत शाळकरी वयाची मुलेही होती. कित्येकांना आयुष्यभर श्वसनाचे विकार जडले. १९८८ साली बेटावर विषारी वायू संग्रहालय उघडले. दुसऱ्याने आपल्यावर केलेल्या अत्याचाराची स्मारके सर्वत्र असतात. आपल्या हातून घडलेल्या गोष्टीचे संग्रहालय विरळा.

कारखान्यात वायूची चाचणी घेण्यासाठी ससे ठेवले होते, ते युद्धानंतर मारले गेले. आजचे ससे हे १९७१ च्या सुमारास एका शाळेने सोडलेल्या काही सशांचे वंशज असावेत, असे मानतात. त्यांनाही आता माणसांचा त्रास आहे. २०२५ च्या जानेवारीत सशांना इजा केल्याच्या आरोपावरून एका तरुणाला अटक झाली. येथे सशांना उचलून घेणे, रस्त्यावर खाऊ घालणे टाळावे, असे फलक आहेत. अनेक प्रवासी छायाचित्रे काढून पुढच्या बोटीने परततात. संग्रहालय अगदी लहान आहे. तरी तेथे अर्धा तास न थांबणाऱ्याने बेट पाहिले, असे म्हणता येणार नाही.

बाहुल्यांचे गाव

शिकोकू बेटावरील इया खोऱ्यात नागोरो नावाचे गाव आहे. बसथांब्यावर, शेताच्या बांधावर, घराच्या ओसरीवर माणसे बसलेली दिसतात. जवळ गेल्यावर कळते, की त्या कापडाच्या आणि कागदाच्या बाहुल्या आहेत. कामधंद्यासाठी तरुण शहरांत गेले, वृद्ध एकेक करून गेले आणि गावात तीसहूनही कमी माणसे उरली. शहरातून माहेरी परतलेल्या एका महिलेने शेतात बुजगावणे म्हणून वडिलांसारखी दिसणारी बाहुली केली. मग गेलेल्या आणि गाव सोडलेल्या माणसांच्या जागी ती बाहुल्या बसवत गेली. त्यांची संख्या माणसांच्या दसपटीने वाढली. २०१२ साली शाळा बंद पडली. वर्गात आता बाहुल्यांचे विद्यार्थी बसलेले आहेत आणि बाहुलीच शिकवते आहे.

नागोरो अपवाद नाही. इवाते प्रांतातील कोकुसेकीजी मंदिरात हजारहून अधिक वर्षे 'सोमिनसाई' हा उत्सव चालत असे. कडाक्याच्या थंडीत फक्त लंगोट नेसलेले पुरुष मंतरलेल्या ताईतांच्या थैलीसाठी रात्रभर झटापट करत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो शेवटचा साजरा झाला. तयारीचा भार वाहणारी माणसे म्हातारी झाली आणि त्यांची जागा घेणारे उरले नाहीत, एवढेच कारण. गांधीलमाशीमागे धावणारे, कुसायाचे पाणी राखणारे, बिवा सरोवरात जाळे टाकणारे यांच्यापुढेही हाच प्रश्न आहे.

दुसऱ्या बाजूला पाहुण्यांचा लोंढा आहे. २०२४ साली जपानला ३ कोटी ६८ लाख परदेशी प्रवाशांनी भेट दिली. त्याच वर्षी क्योटोतील गिओन भागात गेइशांचा पाठलाग करणाऱ्या पर्यटकांना कंटाळून रहिवाशांनी खासगी गल्ल्या बंद केल्या आणि दहा हजार येन दंडाचे फलक लावले. फुजीच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको येथे एका दुकानामागे दिसणाऱ्या पर्वताचे छायाचित्र घेण्यासाठी रस्त्यात उभ्या राहणाऱ्या गर्दीपुढे गावाने मे महिन्यात अडीच मीटर उंचीचा काळा पडदाच ओढला. ऑगस्टमध्ये तो उतरवला. ठरलेल्या चार शहरांत पाय ठेवायला जागा नाही आणि डोंगरातील गावांत बाहुल्या बसवाव्या लागतात, असे आजचे चित्र आहे. जिज्ञासू प्रवाशाने आडवाट धरली, तर ती या दोन्हींच्या उपयोगाची ठरू शकते. अट एवढीच, की त्याने पाहुण्यासारखे वागावे.

प्रवाशांनी लक्षात ठेवावे असे

* फुगू फक्त परवानाधारक उपाहारगृहातच खावा. त्याचा मोसम मुख्यतः शरद ऋतू ते वसंताचा प्रारंभ.
* शाकाहारी, जैन आणि ॲलर्जी असलेल्या प्रवाशांनी वर्ज्य पदार्थांचे जपानी भाषेतील कार्ड जवळ ठेवावे. त्यात माशाच्या अर्काचा स्वतंत्र उल्लेख असावा.
* कोयासानच्या मंदिरांत रात्रीचे जेवण लवकर असते आणि संध्याकाळनंतर दार बंद होते. आरक्षण आधी करावे आणि वेळेवर पोहोचावे.
* लहान बेटांवर आणि डोंगराळ भागांत बस व बोटी मोजक्याच असतात. परतीची शेवटची वेळ आधी पाहून ठेवावी, रोख येन जवळ बाळगावेत.
* माणसांची, विशेषतः वृद्धांची आणि घरांची छायाचित्रे विचारूनच काढावीत.
* न आवडलेला पदार्थ ताटात ठेवण्यास हरकत नाही. त्याच्याकडे पाहून तोंड वाकडे करण्यास आहे.
* नागोरोच्या बाहुल्यांना हात लावू नये. त्यातील प्रत्येक बाहुली कुणाची तरी आठवण आहे.